बंड्याला गावी ठेवायचं का?

"मॅडम, अकरा वर्षांच्या कुत्र्याला दिल्लीपर्यंत नेणं म्हणजे त्याचे हालच ना? गावी दिरांकडे ठेवला तर सुटेल बिचारा."

पाळीव प्राण्यांबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेल्या ताईंनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हा प्रश्न विचारला. यजमानांची नोएडाला बदली झाली होती आणि ते डिसेंबरमध्येच तिकडे रुजू झाले होते. मुलगी आठवीत. मार्चअखेर तिची परीक्षा संपली की ठाण्याचं घर हलवायचं होतं. घरात शहात्तर वर्षांचे सासरे, म्हणजे आबा. बंड्या हा सोसायटीच्या गेटपाशी सापडलेला काळा गावठी कुत्रा आणि चिंगी ही चार वर्षांची मांजर.

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, प्राण्यांची नावंसुद्धा. ताईंच्या परवानगीनेच लिहिते आहे.)

त्यांनी पर्समधून मुलीची जुनी वही काढली. घर हलवायच्या कामांची यादी होती, त्रेचाळीस ओळींची. शाळा सोडल्याचा दाखला, गॅस, बँकेतला पत्ता, फ्रिज आदल्या रात्री बंद करणे, देव्हारा स्वतःबरोबर. पॅकर्सवाल्यांची १० एप्रिल ही तारीख दोन रेघा मारून लिहिली होती. अगदी शेवटी, पान संपता संपता होतं, "बंड्या, चिंगी ?"

ते प्रश्नचिन्ह मी ओळखते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदल्यांचे आदेश निघाले की अशी दोन-तीन घरं तरी माझ्याकडे येतात. माणसं निर्दय नसतात. ट्रक, शाळा, भाडेकरार यांच्या तारखा बाहेरचं कुणीतरी ठरवून देतं. कुत्र्या-मांजराची तारीख कुणीच मागत नाही, म्हणून ती मागे पडत जाते. शेवटच्या आठवड्यात कळतं की आता काहीच जमत नाही, आणि मग "त्याच्याच भल्यासाठी" ठेवून जायचा विचार सुरू होतो.

मी ताईंना विचारलं, "गावचं घर बंड्याने किती वेळा पाहिलंय?" दोनदा, दिवाळीत. "दीर त्याला फिरवतील?" गप्प. मग मी जे सांगितलं तेच आजही सांगेन. नोएडाला नेलंत तर त्याची जागा जाईल. गावी ठेवलंत तर जागाही जाईल आणि माणसंही. प्रवासाचे हाल एका रात्रीचे असतात, आणि ते बरेचसे कमी करता येतात.

याला अपवाद आहेत. हृदयाचा किंवा किडनीचा आजार बळावलेला असेल, पशुवैद्य स्पष्ट नको म्हणत असतील आणि प्राण्याला रोजच्या ओळखीचं दुसरं घर असेल, तर मागे ठेवणं हीसुद्धा माया असू शकते. पण हे तपासणीनंतर ठरवायचं, दमून गेल्यावर नाही. ताईंना मी आधी बंड्याची रक्ततपासणी करून घ्यायला सांगितलं. वयाच्या मानाने रिपोर्ट चांगले आले.

दुसऱ्या भेटीला आबांना बोलावलं, कारण बंड्याला गावी ठेवायची कल्पना मूळची त्यांची होती. मी सरळ विचारलं, "आबा, बंड्याबरोबर गावी कोण राहणार?" ते म्हणाले, "मी राहीन की." मग बोलता बोलता सगळं बाहेर आलं. पहाटे साडेपाचला बंड्याला घेऊन ते तळ्याला फेरी मारायचे, तिथे चहाच्या टपरीवर चौघं जण भेटायचे. आजी गेल्यापासून दिवसातलं मोकळं बोलणं तेवढंच. नोएडात चौदाव्या मजल्यावर ते कुणाशी बोलणार होते? पहिल्या भेटीत मी सगळा वेळ कुत्र्याविषयीच विचारत राहिले, घरातल्या माणसांविषयी विचारायला हवं होतं. मग यादीत एक ओळ वाढली. नोएडाच्या घराजवळ पहाटे फिरता येईल अशी बाग कुठे आहे, ते यजमानांनी स्वतः साडेपाचला जाऊन बघायचं. त्यांनी व्हिडिओ पाठवला. बागेत म्हातारी माणसं होती, कुत्री होती आणि कोपऱ्यावर चहाही होता. आबांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला, असं ताई म्हणाल्या.

मग आम्ही वही उलटी केली. बंड्या आणि चिंगीची तारीख पहिल्या ओळीत आली, ट्रकची शेवटी.

रेल्वेत कुत्र्याला आपल्याजवळ बसवून न्यायचं असेल तर प्रथम वर्गच हवा आणि पूर्ण कूपे (दोघांची बंद खोली) किंवा केबिन (चौघांची) आपल्याच नावावर हवी. टू-टायर, थ्री-टायर, स्लीपरमध्ये परवानगी नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. लोखंडाची, अंधारी, आवाजाची, आणि आपण भेटणार फक्त गाडी थांबेल तेव्हा. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मी ती पेटी सुचवत नाही. ताईंनी मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचला सुटणारी राजधानी निवडली. सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्ली, म्हणजे मधला बराचसा वेळ झोपेचा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच दोन तिकिटं काढली आणि कूपे मिळावं असा अर्ज दिला. अडचण अशी की कूपे मिळालं की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं. म्हणून रद्द करता येईल अशी एक गाडी रस्त्याने जायलाही ठरवून ठेवली. ती लागली नाही, पण ती ठरल्यावरच ताईंना रात्री झोप लागायला लागली.

कागदांत रेबीजच्या लसीचं कार्ड आणि प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यांचा दाखला. दाखला निघायच्या आदल्या एक-दोन दिवसांतलाच लागतो, आठवडाभर आधी काढून ठेवला तर उपयोग नाही. स्टेशनवर तीन तास आधी पोचून पार्सल ऑफिसात बुकिंग करायचं आणि पावती प्रवासभर हाताशी ठेवायची. एका आरक्षणावर (पीएनआरवर) एकच प्राणी, असं पार्सल ऑफिसात सांगितलं गेलं. त्यामुळे चिंगीचं विमानाने ठरलं. इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही. एअर इंडिया आणि अकासा लहान प्राणी केबिनमध्ये घेतात, पण वजनाची मर्यादा पिंजऱ्यासकट मोजतात आणि ती बदलत असते. म्हणून तिकीट काढायच्या आधी फोन करून प्राण्याची जागा पक्की करायची.

झोपेच्या गोळीबद्दल हमखास विचारलं जातं. आपल्या मनाने काहीही देऊ नका. गुंगीच्या औषधाने रक्तदाब आणि श्वास यांवर परिणाम होतो, शरीराला उष्णता सांभाळता येत नाही, आणि विमानात तर ते फारच धोक्याचं. चिंगीसाठी डॉक्टरांनी भीती कमी करणारं एक औषध लिहून दिलं आणि प्रवासाआधी एकदा घरी देऊन बघायला सांगितलं. ही घरची चाचणी महत्त्वाची. औषध कसं लागू पडतं ते विमानतळावर कळून उपयोगाचं नाही.

खरी तयारी मात्र सहा आठवडे चालली आणि ती मुलीने केली. चिंगीचा पिंजरा माळ्यावरून काढून, दार सताड उघडं ठेवून, हॉलमध्ये ठेवला. पहिले चार दिवस चिंगीने त्याच्याकडे पाठ केली. मग वाटी पिंजऱ्याच्या तोंडाशी, मग आत, मग दुपारची झोपही आतच. विमानतळावर तपासणीला पिंजरा मशीनमधून जातो आणि मांजर हातात घ्यावं लागतं. म्हणून अंगाभोवतीचा पट्टा घालून घरात हिंडायची सवय लावली. पहिल्यांदा पट्टा घातल्यावर चिंगी एका कुशीवर आडवी पडली आणि उठेचना. मुलगी घाबरली, पण मांजरं तसं करतात. दहाव्या दिवशी ती पट्ट्यासकट खिडकीत चढून बसली.

बंड्याचा प्रश्न मला सुचलाच नव्हता, तो आबांनी काढला. "मॅडम, हा जन्मात लिफ्टमध्ये बसला नाहीये." ठाण्याचं घर पहिल्या मजल्यावर, तेही जिन्याचं. शेजारच्या इमारतीत आबांच्या ओळखीचे एक जण होते. रोज दुपारी तिथे जायचं. आधी नुसतं लिफ्टसमोर बसायचं, चपातीचा तुकडा, परत. मग दार उघडं ठेवून आत-बाहेर. मग एक मजला. एकदा दार शेपटीला घासलं आणि चार दिवसांची मेहनत वाया गेली, पुन्हा नुसतं समोर बसण्यापासून सुरुवात. तिसऱ्या आठवड्यात तो सातव्या मजल्यापर्यंत गेला, आबांच्या पायाला अंग टेकून.

निघायच्या दिवशी दुपारी हलकं खाणं, मग भरपूर चालणं. पाणी मात्र प्रवासात थांबवायचं नाही. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियमही कुत्र्या-मांजरांना उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी द्यायला सांगतात. बंड्याची न धुतलेली गोधडी आणि त्याची वाटी ताईंच्या हातातल्या पिशवीत होती. लोक या वस्तू हमखास ट्रकमध्ये टाकतात, आणि मुंबईहून दिल्लीला सामान पोचायला सहज चार-सहा दिवस लागतात. नेमके तेच दिवस प्राण्याला ओळखीच्या वासाची सर्वांत जास्त गरज असते.

रात्री साडेअकराला ताईंचा मेसेज आला, "सुरतला नाही, बडोद्याला नाही, शू केलीच नाही त्याने." कुत्रा घरात न करायचं शिकलेला, त्याला डबा म्हणजे घरच. बरोबर नेलेला शोषून घेणारा कागद दाराजवळच्या मोकळ्या जागेत टाकून बसा, असं मी कळवलं. ठाण्याच्या बागेतलं मूठभर गवत नेलं होतं, ते आबांनी त्यावर पसरलं. पहाटे कोटा सोडल्यावर बंड्याने एकदाची केली. आबा त्याला "शहाणा माझा" म्हणत राहिले, असं ताईंनी नंतर सांगितलं.

इकडे ठाण्यात पाच दिवसांनी पॅकिंग झालं. यजमान त्यासाठी आले होते. चिंगी मुलीच्या खोलीत, दार बंद, दारावर मोठा कागद, "आत मांजर आहे, उघडू नये." कागद मराठीत होता आणि सामान बांधणाऱ्यांपैकी निम्म्यांना मराठी वाचता येत नव्हतं. कुणीतरी खोके आणायला दार उघडलं आणि चिंगी निसटली. मुलीने तेव्हा जे केलं ते प्रत्येक घराने लक्षात ठेवावं. तिने हाका मारल्या नाहीत, मागे धावली नाही. आधी जाऊन घराचं मुख्य दार लावून घेतलं आणि कामगारांना बाहेर थांबवलं. चिंगी स्वयंपाकघराच्या माळ्यावर, जुन्या पाटावरवंट्यामागे अंग चोरून बसली होती. ओढून काढायचं नाही, एवढंच मी फोनवर सांगितलं. माळ्याखाली स्टूल, त्यावर उघडा पिंजरा, आत मुलीची चादर आणि चिमूटभर जवळा. सामान त्या खोलीपुरतं सोडून बाकीचं बांधलं गेलं. संध्याकाळी सातला कामगार गेले, रात्री अकराला चिंगी आपण होऊन पिंजऱ्यात गेली. आता मी सांगते की कागदावर मांजराचं चित्रच काढा, आणि खोलीला बाहेरून कुलूप लावा.

कुत्रं माणसाला धरून असतं, मांजर घराला, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य आहे, कारण मांजराचं घर त्याच्या वासाने ठरतं. नोएडात चिंगीला एकाच खोलीत ठेवलं. तिचा ट्रे, मुलीची तीच चादर, पिंजरा उघडा. बाकीचं घर हळूहळू. बाहेर सोडायचं तर किमान तीन-चार आठवडे नाहीच. आणि एक गोष्ट मी ताईंना आधीच बजावली होती. कुत्रा एखादा दिवस जेवला नाही तरी चालतं, मांजर चोवीस तासांच्या वर उपाशी राहिलं तर डॉक्टरांना फोन करायचा, कारण उपाशी मांजराच्या यकृताला लवकर इजा होते. चिंगीने पूर्ण एक दिवस तोंड लावलं नाही. ताईंनी फोन केला, डॉक्टरांनी ओलं खाणं कोमट करून द्यायला सांगितलं, आणि संध्याकाळी उशिरा तिने चाटायला सुरुवात केली.

पाळीव प्राण्यांना परवानगी असल्याचं घरमालकाकडून करारात आम्ही आधीच लिहून घेतलं होतं. तरी सोसायटीतल्या एका गृहस्थांनी लिफ्टवरून हरकत घेतली. पाळीव कुत्र्यांवर बंदी किंवा लिफ्टला मनाई सोसायटीला करता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये कळवलेलं आहे. यजमानांनी ते पत्रक आणि लसीचं कार्ड शांतपणे दाखवलं. वाद वाढला नाही.

मे महिन्यात आबांचा फोन आला. बंड्या आता आपण होऊन लिफ्टमध्ये शिरतो, पण डाव्या लिफ्टमध्येच, उजवीचं दार आवाज करतं म्हणून. ऊन फार आहे, साडेपाचऐवजी पावणेपाचला निघतात. बागेत एक निवृत्त मास्तर भेटले आहेत, मूळचे अलाहाबादचे, त्यांची कुत्री बंड्याहून म्हातारी आहे. "त्यांना मराठी येत नाही, मला हिंदी धड येत नाही," आबा म्हणाले, "पण फेरीला तास लागतोच. थांबा, चहा आला."