डायमेन्शनचं टेक्स्ट स्क्रिप्टने बदलताना

प्रश्न : ऑटोकॅडमधली (संगणकावर आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमधली) आमची १:१०० प्रमाणाची चाळीसएक ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहेत. डायमेन्शनच्या (मोजमाप दाखवणाऱ्या खुणांच्या) आकड्यांची उंची प्रत्येकात निराळी आहे, कागदावर मात्र सगळीकडे २.५ मिमी हवी. स्क्रिप्टमध्ये (कमांडची यादी असलेल्या फाइलमध्ये) डिमटीएक्सटी, म्हणजे अक्षरांची उंची, २.५ केलं, तरी जुनी डायमेन्शन तशीच राहिली. कुठे चुकतंय?

उत्तर : डिमटीएक्सटी नुसतं बदललं की चालू स्टाइलवर (डायमेन्शनच्या जतन केलेल्या मांडणीवर) ओव्हरराइड, म्हणजे वरून लादलेला बदल, बसतो आणि तो यापुढे काढलेल्या डायमेन्शनलाच लागतो. जुनी डायमेन्शन स्टाइलमध्ये जतन केलेली किंमत घेतात, म्हणून बदल तिथे पोहोचवावा लागतो. स्क्रिप्टमधला क्रम असा ठेवा : डिमस्टाइल, रिस्टोअर, स्टाइलचं नाव, मग डिमटीएक्सटी २.५ आणि डिमस्केल (सगळ्या मापांचा गुणक) १००. पुन्हा डिमस्टाइल, सेव्ह, तेच नाव. आणि 'हे नाव आधीच आहे, बदलायचं का?' या प्रश्नाला वाय. डिमस्टाइलच्या आधी हायफन हवाच. तो नसेल तर खिडकी उघडते आणि स्क्रिप्ट तिथेच अडकते. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक मोकळी जागा आणि रिकामी ओळ म्हणजे एंटर, हेही लक्षात ठेवा. शेवटी राहिलेल्या एका जादा ओळीने आधीची कमांड पुन्हा सुरू होते.

एवढं करूनही उंची बदलली नाही, तर टेक्स्ट स्टाइल तपासा. तिथे उंचीला शून्याऐवजी दुसरा आकडा असेल, तर डिमटीएक्सटी विचारातच घेतलं जात नाही. डायमेन्शनसाठीच्या टेक्स्ट स्टाइलची उंची कायम शून्य असावी, असं आमचं ठाम मत आहे. उलट दोषही आढळतो : कुणीतरी डिमस्केल १ ठेवून डिमटीएक्सटी २५० केलेलं असतं. मॉडेलमध्ये दोन्हींचा गुणाकार लागतो, त्यामुळे तिथे फक्त डिमस्केल १०० केलं तर अक्षरं २५,००० मिमी उंच होतात. दोन्ही किंमती एकाच स्क्रिप्टमध्ये द्यायच्या, त्या यासाठीच. बाण आणि अंतरं यांनाही डिमस्केलचा गुणक लागतो, म्हणून डिमएएसझेड (बाणाचा आकार) आणि डिमगॅप (आकड्याभोवतीचं अंतर) यांच्याही कागदावरच्या किंमती त्यातच द्या.

तरीही काही डायमेन्शन बधत नसतील, तर त्यांच्यावर सुटे ओव्हरराइड आहेत. डिमओव्हरराइड कमांडमधल्या क्लिअर पर्यायाने ते निघतात, पण इथे घाई करू नका. क्लिअरने सगळेच ओव्हरराइड जातात : मुद्दाम लपवलेली एक्स्टेन्शन लाइन, टॉलरन्स, डिमपोस्टमधून (आकड्याच्या आधी-नंतर येणाऱ्या मजकुराच्या सेटिंगमधून) दिलेला व्यासाचा उपसर्ग. यंत्रभागांच्या ड्रॉइंगमध्ये ही फार मोठी चूक ठरेल. तिथे फक्त उंचीचा ओव्हरराइड बसवा : डिमओव्हरराइड, डिमटीएक्सटी, २.५, रिकामी ओळ, ऑल, पुन्हा रिकामी ओळ. ऑलमध्ये गोठवलेले आणि कुलूपबंद लेअर (ड्रॉइंगचे थर) येत नाहीत, म्हणून ते आधी उघडा.

चाळीस फायलींसाठी ही स्क्रिप्ट ऑटोकॅडच्या कोअर कन्सोलमधून, खिडकी न उघडता, एकेका फाइलवर चालवता येते. शेवटी क्यूसेव्ह (फाइल जतन करणारी कमांड) घाला. पहिली फेरी प्रतींवरच करा.

प्रश्न : लिस्पने (ऑटोकॅडच्या ऑटोलिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेने) सगळी डायमेन्शन निवडली, तरी कंसलांबीची सुटतात. शिवाय कुणी आकडे हाताने टाइप केलेत का, हे कसं शोधायचं?

उत्तर : एसएसगेटच्या (वस्तू निवडणाऱ्या फंक्शनच्या) फिल्टरमध्ये नुसतं 'डायमेन्शन' लिहिलं की कंसलांबीची आणि जॉग (रेषेला नागमोडी वळण) दिलेली त्रिज्येची डायमेन्शन सुटतात, कारण त्यांची डीएक्सएफ (ऑटोकॅडच्या डेटा-स्वरूपातली) नावं वेगळी आहेत. दोन्ही नावांच्या शेवटी डायमेन्शनच आहे, म्हणून शब्दाआधी तारांकन टाकलं की तीही येतात. ब्लॉकच्या (एकत्र बांधलेल्या वस्तूंच्या संचाच्या) आतली मात्र येत नाहीत. त्यासाठी ब्लॉकच्या व्याख्या एकेक करून तपासाव्या लागतात. निवड एसएसगेटच्या 'एक्स' पर्यायाने केली असेल तर कुलूपबंद लेअरवरचीही डायमेन्शन हाती येतात आणि अशा पहिल्याच डायमेन्शनवर लिस्प त्रुटी देऊन थांबू शकतं. तोवर अर्धं ड्रॉइंग बदललेलं असतं, म्हणून सगळं काम एका अनडू गटात (एकदम मागे घेता येईल असं) घ्या.

हाताने टाइप केलेला मजकूर डीएक्सएफच्या १ क्रमांकाच्या कोडमध्ये असतो. तो रिकामा असेल तर आकडा खरा. त्यात कोनी कंसांची जोडी '<>' असेल तरी खरा, कारण तिच्या जागी मोजलेली किंमत येते. बाकी सगळी डायमेन्शन संशयित. ती स्ट्रेच केली तरी आकडा हलत नाही, आणि बांधकामाच्या जागेवर तोच आकडा वाचून भिंत उभी राहते. प्रत्यक्ष मोजमाप ४२ क्रमांकाच्या कोडमध्ये मिळतं (कोनांचं रेडियनमध्ये), त्याच्याशी ताडून बघा. लिस्पने अशा डायमेन्शनच्या टेक्स्टला फक्त लाल रंग द्या. मजकूर आपोआप पुसू नका. 'समान' किंवा 'बदलते' असं मुद्दाम लिहिलेलंही त्यात असतं, आणि ते ओळखायला माणसाचीच नजर लागते.

ऑटोकॅड एलटी (ऑटोकॅडची कमी सुविधांची आवृत्ती) वापरणाऱ्यांसाठी : त्यात ऑटोलिस्प २०२४ च्या आवृत्तीपासून चालतं. त्याआधीच्या एलटीमध्ये पहिल्या उत्तरातली स्क्रिप्ट वापरा.