नदीबद्दल लिहिण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

नद्या आणि संस्कृती यांवरचा तुझा मसुदा वाचला. वाचन भरपूर झालंय हे पानोपानी दिसतं. तरी पहिलंच वाक्य मी तुला खोडायला सांगणार आहे: ‘मानवी संस्कृतीचा जन्म महान नद्यांच्या काठी झाला.’ ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्या वाक्यात नदी नुसती वाहते आणि काठावरची माणसं आपोआप सुसंस्कृत होतात. इजिप्तची नाईल, आजच्या इराकमधली युफ्रेटिस आणि चीनची ह्वांग हो म्हणजे पीत नदी, या तिघींची नावं तू एका दमात घेतलीस. त्यांच्या काठी राहणाऱ्यांना मात्र तीन अगदी निराळ्या स्वभावांशी जमवून घ्यावं लागलं. नदी समजून घ्यायची तर आधी दोन गोष्टी पाहा: पूर कधी येतो आणि पाण्याबरोबर गाळ किती येतो. माझ्या इतक्या वर्षांच्या वाचनातून मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच आहे.

नाईलपासून सुरुवात कर. नदीचं मूळ शोधू नये असं आपली म्हण सांगते. तुला ती मोडावी लागेल. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. ऐन उन्हाळ्यात, निरभ्र आकाशाखाली नदी चढू लागे, कारण दूर इथिओपियाच्या पठारावर पावसाळा सुरू झालेला असे आणि नाईलची उपनदी निळी नाईल ते पाणी, ती माती घेऊन खाली येई. जुलैच्या सुमारास चढायला लागलेलं पाणी ऑक्टोबरपर्यंत ओसरायचं. मागे ओलसर, गाळ बसलेली जमीन उरे, तीही नेमकी पेरणीच्या तोंडावर. पीक पुढच्या पुराआधी घरात येई. शिवाय दरवर्षीच्या पुराने जमिनीतले क्षारही धुऊन निघत. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचं ‘इजिप्त ही नदीची देणगी’ हे विधान तू पाण्यासाठी वापरलंस. त्याचा मूळ संदर्भ पाहिलास तर तो जमिनीबद्दल बोलतोय, नदीने वाहून आणलेल्या मातीपासून तयार झालेल्या भूमीबद्दल.

आणि हा पूर मोजला जाई, हे तुझ्या मसुद्यात कुठेच नाही. रोमन लेखक प्लिनी नोंदवतो की पाणी १२ हात चढलं तर दुष्काळ, १३ ला अजून भूक, १४ ला आनंद, १५ ला निर्धास्तपणा आणि १६ ला उल्हास. त्याहून फार जास्त चढलं तर पाणी ओसरायला उशीर होऊन पेरणी चुकायची. कैरोच्या रोडा बेटावर ८६१ साली बांधलेला पूरमापक स्तंभ आजही उभा आहे. पाणी ठरलेल्या खुणेला पोहोचलं की शेतसारा वसूल करता येत असे. पूजा, हिशेब आणि कर हे तिन्ही एकाच खांबाभोवती कसे गोळा होतात ते बघ. राज्यसंस्था कशी चालायची यावर तुझी दोन पानं खर्ची पडली आहेत. या एका खांबावर लिहिलंस तर ती अधिक जिवंत होतील.

आता युफ्रेटिस आणि टायग्रिसकडे ये. तिथे पूर अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, डोंगरांतला बर्फ वितळल्यावर येतो, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. तेव्हा शेतात पीक कापणीला उभं असतं. उलट शरद ऋतूत पेरणीला पाणी हवं असतं तेव्हा नद्या आटलेल्या असतात. नाईल जे वेळेवर आणून देई ते इथे माणसाला कालवे काढून मिळवावं लागलं, आणि नको तेव्हा येणारं पाणी बांध घालून अडवावं लागलं. कालवे गाळाने भरत, ते सतत उपसत राहावं लागे. शेताला दिलेल्या पाण्यातले क्षार, निचरा नसेल तर, जमिनीत साठत जात. लगाश आणि उम्मा या दक्षिण इराकमधल्या दोन प्राचीन सुमेरियन नगरांचं सीमेवरची जमीन आणि तिथलं पाणी यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण चाललं. लगाशच्या विजयाचा शिलालेख आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इ. स. पूर्व २४५० च्या आसपासचा हा दगड पाण्यावरच्या तंट्याच्या सर्वांत जुन्या साक्षींपैकी एक आहे. आणि ज्या ऊर नगराचं तू एवढं वर्णन केलंस ते एके काळी नदीकाठी होतं. आज नदी त्याच्यापासून कित्येक किलोमीटर लांबून वाहते. नकाशावर आजचं पात्र काढून त्यावर जुनी शहरं मांडू नकोस. त्या काळचं पात्र कुठे होतं ते आधी शोध.

ह्वांग होवर तू एकच परिच्छेद लिहिलास याचं मला खरंच वाईट वाटलं. सबंध विषय ज्या एका नदीत पाहता येईल अशी ती नदी आहे. लोएसच्या, म्हणजे वाऱ्याने आणून साचवलेल्या मातीच्या, पठारावरची भुसभुशीत पिवळी माती ती खेचून आणते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा गाळ वर्षाला सुमारे १६० कोटी टन धरला जाई. मैदानात उतरल्यावर वेग मंदावतो, गाळ तळाशी बसतो आणि पात्र वर येतं. मग लोक बांध उंच करतात, पात्र आणखी वर येतं, बांध आणखी उंच होतात. अशा रीतीने काइफंग शहराजवळ नदीचा तळच आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कित्येक मीटर वर गेलाय. त्या शहराखाली जुनी काइफंग शहरं थरावर थर गाळात गाडलेली आहेत.

या नदीचं करायचं काय, यावर चीनमध्ये दोन हजार वर्षं वाद झालाय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीतल्या जिया रांगचं म्हणणं होतं की बांध मागे घ्या, वाटल्यास माणसं हलवा, पण नदीला पसरायला जागा द्या. सोळाव्या शतकातल्या पान जीशुनने उलट मत मांडलं: पात्र अरुंद करा, म्हणजे वेग वाढून पाणी स्वतःच गाळ उपसून नेईल. दोघेही अडाणी नव्हते. दोघांनीही नदी बारकाईने पाहिली होती. जगात कुठेही पूरनियंत्रणाची चर्चा ऐकशील तर याच दोन बाजू पुन्हा भेटतील. माझा कल जिया रांगकडे आहे. मात्र त्याच्या सल्ल्यात ज्यांना हलायचंय ती माणसं कोण, हे विचारल्याशिवाय मी तो कल उघड बोलून दाखवत नाही.

आणि हे बांध शस्त्रासारखे वापरले गेले. १६४२ मध्ये काइफंगला बंडखोरांचा वेढा पडला असताना बांध फोडला गेला आणि शहरातली बहुसंख्य माणसं बुडून, उपासमारीने, रोगराईने गेली. जून १९३८ मध्ये जपानी सैन्य अडवण्यासाठी तेव्हाचा चिनी नेता च्यांग काय-शेक याच्या सैन्याने हुआयुआनखौ इथे बांध फोडला. मेलेल्यांचे अंदाज लाखांत आहेत आणि ते जवळजवळ सगळे चिनी शेतकरी होते. नदी दक्षिणेकडे भरकटली ती १९४७ मध्येच परत वळवता आली. १८५५ चा पात्रबदलही वाच. तेव्हा चीनमधल्या ताइपिंग या मोठ्या बंडाने सरकार खिळखिळं झालं होतं, बांध दुरुस्तीला ना पैसा ना माणसं. नदीने समुद्राला मिळायची जागाच बदलली, शांतुंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे. राज्य दुबळं झालं की बांध फुटतो आणि बांध फुटला की राज्य आणखी दुबळं होतं. यात आधी काय आणि नंतर काय हे ठरवायची घाई करू नकोस.

तुझ्या तिसऱ्या प्रकरणातल्या सिद्धांताबद्दलही बोलायला हवं. मोठ्या सिंचनासाठी मोठी यंत्रणा लागली आणि त्यातून एकछत्री सत्ता जन्मली, ही मांडणी आकर्षक आहे. पण इजिप्तमध्ये पुराचं पाणी अडवायचे वाफे बराच काळ गावपातळीवरच सांभाळले जात. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचं तिकाल हे शहर मोठ्या नदीविना, पावसाचं पाणी तलावांत साठवून वाढलं. ॲमेझॉनचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १५४१-४२ मध्ये ओरेयाना हा स्पॅनिश प्रवासी तिच्या प्रवाहातून उतरला. काठाकाठाने दाट वस्त्या दिसल्याचं त्याच्यासोबतच्या पाद्रीने लिहिलं आणि लोकांनी ती दीर्घकाळ थाप मानली. पुढे तिथे माणसाने कोळसा, हाडं, कचरा मिसळून केलेली काळी सुपीक माती ठिकठिकाणी सापडली. तेव्हा ‘महान नदी’ची यादी करताना ॲमेझॉन का गळली, हे स्वतःला विचार.

संस्कृतीच्या प्रकरणात तू आरत्या आणि मेळे घेतलेस, ते ठीक. त्याआधी ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातलं ३३ वं सूक्त घे. विश्वामित्र विपाश् आणि शुतुद्री, म्हणजे आजच्या बियास आणि सतलज, यांना थांबायची विनंती करतो. गाडे-रथ घेऊन त्याच्या लोकांना पलीकडे जायचंय. नद्या आधी नकार देतात, आम्ही इंद्राने मोकळ्या केल्या आहोत, थांबणार नाही म्हणतात, आणि शेवटी उतार देतात. नदीला स्वतःचं म्हणणं आहे आणि ती नाही म्हणू शकते, हे त्या कवीला ठाऊक होतं. भक्तीच्या नुसत्या वर्णनापेक्षा या वाटाघाटीत मला नदीबद्दलचा अधिक खोल आदर दिसतो.

शेवटच्या प्रकरणात नाईलवरचं अस्वानचं धरण हवंच. १९७० मध्ये ते पूर्ण झालं आणि नाईलचा हजारो वर्षांचा पूर थांबला. वीज मिळाली, दुष्काळाच्या वर्षांत इजिप्त तगला. हे प्रामाणिकपणे लिही. त्याच वेळी इथिओपियाची माती जलाशयात अडकली, शेतं रासायनिक खतांवर आली, त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खाऊ लागला. अबू सिंबेलची प्राचीन मंदिरं कापून, उचलून वर नेली गेली. इजिप्त आणि सुदान मिळून नाईलकाठी राहणाऱ्या सुमारे १ लाख न्युबियन लोकांची गावं मात्र पाण्याखाली गेली. त्यांच्याबद्दल तुझ्या मसुद्यात एक ओळ आहे, मंदिरांबद्दल दीड पान. हे प्रमाण बदल.

पुढचा मसुदा पाठवताना सगळी प्रकरणं नकोत. फक्त ह्वांग होचं पाठव, हवं तितकं लांब, आणि सोबत १८५५ च्या आधीचं व नंतरचं पात्र दाखवणारा हाताने काढलेला नकाशा जोड. चुका झाल्या तरी चालतील, आपण बसून दुरुस्त करू.

तुझा,
सर