बिडी सोडली तर पाय वाचेल का?

प्रश्न : माझे मिस्टर ३८ वर्षांचे आहेत, टेम्पो चालवतात. रोज एक-दीड बंडल बिडी लागते. बरेच दिवस झाले, थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबले की बरं वाटतं. आता डाव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. शुगर नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणतात बिडी बंद करा नाहीतर पाय कापावा लागेल. ह्यांचं म्हणणं, बिडी म्हणजे पाला, छातीचा एक्सरे पण क्लीन आला, मग पायाचा काय संबंध? दोन-तीनवर आणली तर चालेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, दोन-तीन नाही, एकसुद्धा नको. हे आधीच स्पष्ट सांगते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून बर्गर्स डिसीजची शंका येते, नक्की काय ते डॉप्लर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, केल्यावर कळेल. हा आजार बहुतेक तंबाखूवाल्यांनाच होतो, तोही ऐन कमावत्या वयात, आणि आपल्याकडे बिडी ओढणाऱ्यांमध्ये भरपूर दिसतो. लिओ बर्गर नावाच्या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये १९०८ साली, कापाव्या लागलेल्या पायांच्या रक्तवाहिन्या तपासून याचं वर्णन केलं. हातापायाच्या बारीक धमन्या सुजतात, आत गुठळी होते, रक्त पुढे जातच नाही. वरून निकोटीनने नसा आकसतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, म्हणजे जे थोडंफार रक्त बोटांपर्यंत पोचतं त्यातही दम नसतो. एक्सरेत हे कुठून दिसणार, धूर छातीत गेला तरी विष रक्तातून अंगभर फिरतं ना.

आणि तो पाला तेंदूचा असला तरी आत तंबाखूच आहे. बिडी सारखी विझते म्हणून जोरात आणि जास्त झुरके मारावे लागतात, त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटीन, टार सिगारेटपेक्षा कमी जात नाही, उलट जास्तच जातं. कमी करण्याचं म्हणाल तर हृदयाचं बघा, रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हार्टचा वाढीव धोका रोज वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नाही. बर्गर्समध्ये तर एक-दोन बिड्यांवरही आजार चालू राहतो.

खरं सांगायचं तर काळा पडलेला भाग परत जिवंत होत नाही, अंगठा कदाचित जाईल. पण आज बिडी पूर्ण सुटली तर वरचा पाय वाचण्याची चांगली आशा आहे, म्हणून या आठवड्यातच व्हॅस्क्युलर सर्जनला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला, दाखवा. रात्री दुखतं म्हणून पाय खाटेखाली सोडून बसतात का, तेही सांगा त्यांना, ती खूण महत्त्वाची असते.

घरी एक चूक अजिबात करू नका, पाय गार लागतो म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक देऊ नका. रक्त कमी असलेली कातडी पटकन भाजते आणि ती जखम भरत नाही. अनवाणी फिरू देऊ नका.

बिडी सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस चिडचिड, झोप नाही, असं होईलच, भांडू नका त्यांच्याशी, दोनेक आठवड्यांनी ओसरायला लागतं. बिडीऐवजी मिश्री, गुटखा नको. निकोटीनचं च्युइंगमही मनाने आणू नका, या आजारात निकोटीनच नको असतं, त्याच्याशिवायच्या गोळ्या मिळतात, त्या डॉक्टर देतील. १८००-११२-३५६ ही सरकारी क्विटलाइन फुकट आहे, फोन मात्र त्यांनी स्वतः करू दे.