शब्दचर्चा : वदतोव्याघात

प्रश्न : कोणी काही वेडगळ बोलले की आमच्याकडे ‘हा तर वदतोव्याघात’ असे म्हणतात. हा वापर बरोबर आहे का?

उत्तर : सरसकट नाही, आणि इतका नेमका शब्द असा बोथट होऊ नये असे मला मनापासून वाटते. ‘वदतः’ म्हणजे बोलणाऱ्याचा आणि ‘व्याघात’ म्हणजे बाध. जे विधान स्वतःच स्वतःला खोडून काढते, तेवढ्यालाच तो शोभतो. ‘मी जन्मभर मौनी आहे आणि माझी आई वांझ होती’ या अर्थाचे संस्कृतातले जुने उदाहरण प्रसिद्धच आहे : तोंड उघडताच मौन मोडते आणि ‘माझी आई’ म्हणताच वांझपण उरत नाही. सशाला शिंगे असल्याचे सांगणे हास्यास्पद खरे, पण तो वदतोव्याघात नव्हे, कारण तिथे शब्दांचे आपसांत भांडण नसून वस्तुस्थितीशी आहे. ‘वर्गणी ऐच्छिक आहे, न देणाऱ्यास दंड होईल’ अशी सूचना जिन्यापाशी लागली, तर मात्र हा शब्द बेलाशक वापरावा. विरोधाभास अलंकार याहून निराळा. तिथे अर्थ उलगडला की विरोध मावळतो.