'सगळेच ओढतात' म्हणजे नेमके किती जण?

"मॅडम, हल्ली सगळीच मुलं हे करतात. मी माझ्या एकट्या मुलाला कसं अडवू?" माझ्याकडे येणारे पालक हे वाक्य हमखास बोलतात. सोळा वर्षांच्या एका मुलाची आईही तेच बोलली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलाच्या दप्तरात व्हेप, म्हणजे निकोटिनची वाफ ओढायचं इलेक्ट्रॉनिक उपकरण, सापडला होता. तेव्हापासून तरुणांमधल्या व्यसनाची जी बातमी दिसेल ती त्या त्याला पाठवत होत्या. "तुमची पिढीच बिघडलीये," हे तर रोजचंच.

मुलगा एकटा भेटला तेव्हा म्हणाला, "वर्गात सगळेच ओढतात. मी नाही म्हटलं तर वेडा ठरेन."

आई काळजीपोटी बोलत होती, मुलगा स्वतःच्या बचावासाठी. पण दोघांनी धरून चाललेली गोष्ट एकच होती, आणि ती कुणीच तपासली नव्हती.

मी त्याला कागद दिला. वर्गातल्या प्रत्येकाचं फक्त आद्याक्षर लिहायचं. स्वतःच्या डोळ्यांनी ओढताना पाहिलं असेल तर बरोबरची खूण, नुसतं ऐकलं असेल तर प्रश्नचिन्ह, नाहीतर जागा कोरी. पहिल्या खुणा भराभर पडल्या. ते सगळे त्याच्याच टोळक्यातले. मग काही प्रश्नचिन्हं आली आणि पेन अडखळायला लागलं. पान बहुतेक कोरंच राहिलं. तो जरा चिडूनच म्हणाला, "पण ही मुलं कशातच नसतात!"

"वर्गात तर असतात ना?" मी विचारलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

ओढणारा नजरेत भरतो, त्याची चर्चा होते. न ओढणाऱ्याबद्दल कोण कशाला बोलेल? त्यामुळे अंदाज फुगतो आणि मुलं त्या फुगलेल्या अंदाजाप्रमाणे वागायला लागतात. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी 1986 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजविद्यार्थ्यांबद्दल हेच दाखवलं. दारूच्या बाबतीत आपले सोबती आपल्यापेक्षा कितीतरी सैल आहेत, असं बहुतेकांना वाटत होतं.

पण टोळक्यातले मित्र खरंच ओढत होते, त्याचं काय? मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मी त्याला सुचवलं, त्यातल्या सगळ्यात जवळच्या मित्राला एकटं गाठ आणि 'तुला हे खरंच आवडतं का?' एवढंच विचार. पुढच्या भेटीत तो सांगत आला. मित्र म्हणाला होता, "घसा धरतो रे माझा. पण तुम्ही सगळे घेता, मग मी कसं नाही म्हणू?" मनातून नको असतं, तरी इतरांना हवंय असं समजून प्रत्येक जण गप्प बसतो. अशा वेळी एकानं तोंड उघडलं तरी पुष्कळ फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या 1950च्या दशकातल्या प्रयोगांत सगळा गट चुकीचं उत्तर देत असताना एक जरी सोबती खरं बोलला, तरी गटामागे जाण्याचं प्रमाण एकदम खाली यायचं.

आईला मी बातम्या पाठवणं थांबवायला सांगितलं. त्यांना ते पटेना, म्हणून एक उदाहरण दिलं. अ‍ॅरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानातून पर्यटक अश्मीभूत (दगड बनलेल्या) लाकडाचे तुकडे उचलून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. 'अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं' या अर्थाच्या पाटीपाशी चोरी जास्त झाली, 'कृपया नेऊ नका' अशा साध्या विनंतीपाशी कमी. तुमच्या बातम्यांतून मुलगा 'सगळे करतात' एवढंच उचलतो, असं मी त्यांना म्हणाले.

निकोटिनची ओढ मात्र कागदावरच्या खुणांनी जात नाही. त्यासाठी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं, आणि ते उपचार चालू आहेत. तो आणि तो मित्र आता एकमेकांना धरून आहेत.

आता आईंना शाळेत फलक लावायचे आहेत, 'आपल्यातले बहुतेक जण ओढत नाहीत' असे. माझं म्हणणं, आधी निनावी प्रश्नावली घ्या. आकडा त्याच शाळेचा हवा आणि मुलांना खरा वाटायला हवा. अशा मोहिमा सगळीकडे चालतातच असं नाही. 2003 मध्ये संशोधक हेन्री वेक्सलर यांच्या गटाने अमेरिकी कॉलेजांतल्या दारूविषयीच्या अशा मोहिमा तपासल्या, तेव्हा त्यांमुळे दारू पिणं कमी झाल्याचं आढळलं नाही. आणि तुमच्या शाळेत ओढणारेच जास्त निघाले, तर तो आकडा भिंतीवर लावू नका. तिथे छोट्या गटांत बसून मुलांना एकमेकांशी बोलतं करावं लागेल.