पासवर्डमधलं ‘विशेष अक्षर’

प्रश्न असा आला आहे : संकेतस्थळ चालू आहे की बंद पडलंय यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका मराठीत लिहायची आहे. पासवर्डमधल्या ‘स्पेशल कॅरेक्टर’ला विशेष अक्षर म्हणावं की विशेष वर्ण? आणि ‘एस्केप’ला ‘पलायन’ चालेल का?

‘विशेष चिन्ह’ लिहा. वर्ण म्हणजे आपल्या व्याकरणात तोंडातून निघणारा मूलध्वनी. @ किंवा # हे काही ध्वनी नाहीत, त्यामुळे तो शब्द बाद. ‘अक्षर’ मात्र वाचणाऱ्याला खरोखर फसवतं. माझ्या मावशीनं एका अर्जात ‘किमान एक विशेष अक्षर हवे’ असं वाचलं आणि पासवर्डात एक कॅपिटल ‘के’ घातला. मोठं अक्षर तेच विशेष, असा तिचा सरळ अर्थ. तीनदा नकार आल्यावर मला फोन. “मावशी, शेवटी एक प्रश्नचिन्ह टाक,” म्हटलं तर लगेच झालं. वर म्हणाली, “मग चिन्ह म्हणायचं ना त्यांनी!” प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह हे शब्द आपण शाळेपासून वापरतो. नेमका शब्द हाताशी असताना दुसरा का शोधायचा?

‘विशेष’ मात्र राहू द्या, कारण या चिन्हांना खरंच वेगळं काम नेमून दिलेलं असतं. देखरेखीच्या प्रोग्रॅमला लॉगिन लागणाऱ्या पानावर जायचं असेल, तर काही ठिकाणी नाव आणि पासवर्ड पत्त्यातच लिहितात : आधी नाव, मग विसर्गासारखे दोन ठिपके, मग पासवर्ड, मग @ आणि पुढे संकेतस्थळ. समजा नाव ‘रमा’ आणि पासवर्ड ‘गूळ#७७’ आहे. पत्त्यात # आला की मुख्य पत्ता तिथेच संपतो. म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी ‘रमा’ हेच संकेतस्थळाचं नाव ठरतं आणि ‘गूळ’ हा पोर्टचा, म्हणजे सर्व्हरवर शिरायच्या दाराचा, क्रमांक! संकेतस्थळ ठणठणीत असतं आणि इकडे ‘बंद पडलं’ म्हणून रात्री इशारे येत राहतात.

आता ‘एस्केप’. पलायन नको, इथे कुणी पळून जात नाही. चिन्हाचं नेमलेलं काम काढून घ्यायचं आणि त्याला नुसतं चिन्ह म्हणून उभं करायचं, एवढीच ती क्रिया. मला यासाठी आपलं ‘पाय मोडणं’ फार आवडतं. ‘क’चा पाय मोडला की त्यातला ‘अ’ जातो आणि ‘क्’ उरतो. तसं लिनक्स या संगणकप्रणालीच्या कमांडमध्ये $ च्या आधी उलटी तिरकी रेघ (\) दिली की त्याची ताकद जाते आणि डॉलरचं चिन्ह तेवढं उरतं. (आपली पायमोडकी खूण अक्षराच्या खाली येते, ही रेघ चिन्हाच्या आधी, एवढा फरक आहे.) पुस्तिकेत पहिल्यांदा ‘एस्केप करणे, म्हणजे चिन्हाचा पाय मोडणे’ असं लिहा, पुढे ‘एस्केप’ बिनधास्त वापरा. काम करणारी माणसं तोच शब्द बोलतात.

लिनक्सच्या कमांडबद्दल लिहाल तेव्हा ‘अवतरणचिन्हात ठेवा’ एवढ्यावर थांबू नका. ‘एकेरी अवतरणचिन्हात’ असं स्पष्ट हवं. $ चं काम म्हणजे पुढच्या नावाच्या जागी त्या नावानं साठवलेला मजकूर आणणं. दुहेरीत ते चालूच राहतं, एकेरीत थांबतं.

पत्त्यात मात्र रेघ चालत नाही. तिथे चिन्हाऐवजी % आणि पुढे त्याचा हेक्साडेसिमल (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजण्याच्या) पद्धतीतला क्रमांक लिहितात : @ साठी ४०, # साठी २३, आणि खुद्द % साठी २५. (टाइप करताना आकडे इंग्रजीच हवेत.) याला कुणी ‘टक्केवारी सांकेतन’ म्हणतील, पण टक्केवारी म्हटलं की आपल्याला शंभरातला हिस्सा आठवतो. ‘टक्काचिन्हाचं रूप’ म्हणा.

आणि चिन्हाचं नाव लिहाल तिथे शेजारी चिन्हही छापा. # ला कुणी हॅश म्हणतं, कुणी पाउंड.