युरोपातल्या महिला आइस हॉकी खेळाडूला परदेशी का जावं लागतं?

कारण घरी राहून पोट भरत नाही आणि तोडीचे सामनेही मिळत नाहीत. स्वित्झर्लंडची गोलकीपर फ्लोरन्स शेलिंग बघा. झुरिकची मुलगी, 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये अवघ्या सोळाव्या वर्षी खेळली. पुढे बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात 2008 ते 2012. अमेरिकन कॉलेज हॉकीत शिक्षण आणि दर्जेदार स्पर्धा दोन्ही एकत्र साधतात, म्हणून युरोपातल्या मुली तिकडे धाव घेतात.

खरी अडचण पदवीनंतर. ती कॅनडाच्या ब्रॅम्प्टन संघाकडून खेळली, पण त्या लीगमध्ये तेव्हा खेळाडूंना पगारच नव्हता! मला याचं फार वाईट वाटतं.

आणि मग सोची ऑलिंपिक, 2014. कांस्यपदकाची लढत. दोन सत्रं संपली तेव्हा स्वीडन 2-0 ने पुढे होतं. शेवटच्या सत्रात स्वित्झर्लंडने चार गोल मारले, सामना 4-3 असा जिंकला. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून शेलिंगची निवड झाली, तीही पदक कांस्य असताना.

नंतर स्वीडनच्या लिंकोपिंगकडून खेळून 2018 मध्ये ती निवृत्त झाली. 2020 मध्ये बर्नच्या पुरुष संघाने तिला थेट व्यवस्थापकपदी नेमलं.